पुनवेची कुर्ली

पुण्याहून चित्र आलं, त्यात खेकडा हसत होता.
नारिंगी, डोळे बशीएवढे, पाय सहा.
नाव चिंबू.
घरपोच मासे देणाऱ्या कंपनीचा हा नवा चेहरा,
बाराशे नग, नारळी पौर्णिमेच्या आत.

गिरपकाकूंनी कागद उलटा करून पाहिला,
उरलेले चार पाय मागच्या बाजूला असतील म्हणून.
"कुर्लेक पाय धा असतत," त्या म्हणाल्या,
"आणि ह्यो चिंबू खंयचो?"

उभादांड्याच्या या शेडमध्ये पूर्वी काजू फोडत.
भिंतींना अजून तेलाचा वास आहे,
प्लशचा तागा उलगडला की तेवढ्यापुरता दबतो.
मार्सेलिन सकाळी दुसरीकडे काजू सोलते अजून,
तिची बोटं चिकाने काळी.
पांढरं पोट तू शिवू नकोस, मी तिला म्हटलं,
आणि म्हणताना कात्रीकडे बघत राहिले.
ती डोळे बसवते आता.
काळ्या डोळ्यावर काळं उठत नाही.

पहिला नमुना आम्ही दहा पायांचाच केला.
चुकून नव्हे.
उत्तर आलं: छान जमलाय,
पण जरा कोळ्यासारखा वाटतो.
काकू मशीन थांबवून हसल्या,
"कोळी नाय म्हणा त्यांका. गाबीत."

मग सहा पाय.
मग हसू डावीकडे जरा जास्त.
मग नांग्या मऊ, कुणाला टोचतील अशा नकोत.
मग एक-एक डोळा चिमट्यात धरून
नऊ किलोचं वजन टांगायचं, दहा आकडे मोजायचे.
होडेकरांची तबस्सुम मोजते, सातानंतर श्वास धरते.
एकदा सुटला डोळा,
टणटणत दारापर्यंत गेला,
आणि आम्ही सगळ्याच त्याच्याकडे बघत बसलो
कुणीतरी बघतंय म्हटल्यासारख्या.

बंदीचे दिवस. होड्या शाकारलेल्या,
पुरुष जाळी विणत घरी,
दुपारी डबा घेऊन तेच येतात.
काकूंचा मुलगा दारात उभा राहून विचारतो,
"नर काय मादी?"
कंपनीच्या कागदावर त्याची नोंद नाही.
पोटावरची पट्टी आम्ही निमुळती ठेवली होती,
दुसऱ्या दिवशी पाहिलं तर
काकूंच्या ढिगातल्या सगळ्यांची रुंद, गोल.
मी उसवायला सांगितलं नाही.
पुण्यात कोण उलटं करून बघणार?

आठवड्याने फोन: भरण कमी करा.
नगामागे एकशे ऐंशी ग्रॅम कापूस जातो,
एकशे चाळीसमध्ये बसवा, भाव तोच.
मी हो म्हटलं. तीन मशीनचे हप्ते आहेत.

काकूंनी नवा नग हातात घेतला,
अंगठ्याने पाठ दाबली, बाजारात दाबतात तशी.
अवसेची कुर्ली भरलेली, पुनवेची पोकळ,
हे इथे लहान पोरीलाही शिकवावं लागत नाही.
"पुनवेची गो ही," त्या म्हणाल्या
आणि बाजूला ठेवली.
गिऱ्हाईक बाजूला ठेवतं तशी, न चिडता.

त्यानंतर शेडमध्ये तोच शब्द रूढ झाला.
पुनवेच्या किती झाल्या? चारशे.
पुनवेच्या खोक्यात भरा.
दमट हवेत कापसाच्या गाठी होत,
तबस्सुम इस्त्रीशेजारी तो वाळवी, पिंजून देई.

शेवटच्या रात्री काट्यावर एक नग दोनशे दहा निघाला.
घट्ट. दाबला तर बोट परत ढकलणारा.
शिवणीजवळ नारिंगीवर
काळसर बोटाचा एक ठसा.
मी मार्सेलिनकडे पाहिलं नाही.
नाकारलेल्यांच्या वहीत लिहिलं: डाग, वजन जास्त.

टेम्पो पहाटे गेला.
पौर्णिमेला म्हणे त्यांनी फोटो टाकले,
मुलं चिंबूला छातीशी दाबतायत.
दबत असेल तो छान.

इथला तो मात्र माझ्या मशीनवर आहे.
त्याच्या पाठीत आम्ही टाचण्या खोचतो.
डावीकडे जरा जास्त हसतो.